‘धुळीचाच आजार आहे’ एवढ्यावर थांबू नका

पत्र : माझ्या यजमानांचं वय ५०. दगड कापण्या-घासण्याच्या कारखान्यात त्यांनी १८ वर्षं काम केलं. चार वर्षांपूर्वी दम लागायला लागला, तेव्हा छातीचा फोटो काढून सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, असल्याचं सांगितलं गेलं. त्यांनी काम सोडलं. खोकला आणि धाप तेव्हापासून आहेच, पण गेल्या दोन महिन्यांत खोकला फार वाढलाय, संध्याकाळी अंग कोमट लागतं, कपडे ढिले झालेत. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, ‘धुळीचाच आजार वाढतोय, त्याला इलाज नाही.’ एकदा थुंकी तपासली, त्यात काही निघालं नाही. दमासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या, त्यांनी थोडे दिवस बरं वाटलं. जाऊबाई म्हणतात, हा क्षय असेल. यजमान ते ऐकूनही घेत नाहीत. लोक लांब बसतील, अशी त्यांना भीती आहे. घरात सासूबाई आहेत, तीन वर्षांचा नातू आहे आणि मोठा मुलगा त्याच कारखान्यात जातो. मी काय करू? – एक वाचक

ताई,

तुमच्या जाऊबाईंची शंका रास्त आहे आणि तिचा निकाल याच आठवड्यात लावायला हवा. यजमानांना क्षयच झालाय असं पत्रावरून मी म्हणणार नाही, कुणीच म्हणू नये. पण सिलिकोसिस असलेल्या माणसाचा खोकला वाढला, वजन उतरलं आणि बारीक ताप येऊ लागला, तर क्षय नाही अशी खात्री पटेपर्यंत क्षयाचाच संशय धरून चालायचं असतं. तुमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य बरोबर असू शकतं. सिलिकोसिस काम सोडल्यावरही वाढत राहतो, आणि फुप्फुसात पडलेले व्रण पुसणारं औषध आज नाही. पण त्याच फुप्फुसात दुसरा, पूर्ण बरा होणारा आजार शिरला असेल, तर ‘इलाज नाही’ या वाक्यानं त्याचीही वाट बंद होते. मला काळजी वाटते ती याची.

धुळीचा आजार आणि क्षय यांतला एक असला की दुसरा नसतो, असं अजिबात नाही. उलट पहिला दुसऱ्याला बोलावून आणतो. दगडात, वाळूत, गारेत जो सिलिका असतो, त्याचे पाच मायक्रॉनहून बारीक कण श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात. ते डोळ्यांना दिसतही नाहीत, माणसाचा केस त्याहून दहा-पंधरा पट जाड असतो. वायुकोशांत बाहेरून आलेलं काहीही गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. त्या हे कण गिळतात, पण सिलिका पचत नाही. तो पेशीलाच मारतो, पेशी फुटते, कण पुन्हा मोकळे होतात आणि दुसरी पेशी त्यांना गिळते. हे वर्षानुवर्षं चालतं आणि त्यातूनच फुप्फुसात गाठी आणि व्रण तयार होतात. क्षयाच्या जंतूला अडवण्याचं कामही याच पेशींचं. म्हणजे चोर येण्याआधीच पहारेकरी जायबंदी झालेला असतो.

म्हणूनच सिलिकोसिस असलेल्यांना क्षय होण्याचा धोका, वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र पाहिले तर, इतरांच्या साधारण चौपट निघतो. आजार जितका पुढे गेलेला, तितका धोका जास्त. काम सोडून किती वर्षं झाली याला इथे फारसा अर्थ नाही, कारण धूळ आतच राहिलेली असते आणि धोका जन्मभर सोबत राहतो. ‘आता तर कारखान्यातही जात नाही, मग क्षय कुठून होणार?’ असं यजमान म्हणत असतील, तर त्याचं उत्तर हे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांमध्ये याचा फार अभ्यास झाला. तिथे आणखी एक गोष्ट दिसली. सिलिकोसिस आणि एचआयव्ही एकाच माणसात असले, तर दोन्हींचे धोके नुसते जमा होत नाहीत, त्यांचा गुणाकार होतो. त्यामुळे क्षयाच्या तपासणीबरोबर एचआयव्हीची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी सांगितली, तर त्याचा वेगळा अर्थ काढू नका. मधुमेहही हा धोका वाढवतो.

आता त्या ‘काही न निघालेल्या’ थुंकीबद्दल. एकदा निगेटिव्ह आलेल्या तपासणीवर इतका भरवसा ठेवला जातो, की पुढचे महिने वाया जातात. ती बहुधा सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी असावी. तिच्यात जंतू दिसायला एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सिलिकोसिसच्या फुप्फुसात क्षयाचे जंतू पुष्कळदा घट्ट गाठींच्या आड अडकलेले असतात आणि बेडक्यात फार थोडे उतरतात. त्यामुळे जीनएक्स्पर्ट किंवा ट्रूनॅटसारखी जनुकीय तपासणी मागा. ती त्याहून कितीतरी कमी जंतू पकडते आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, तेही सांगते. सोबत कल्चर, म्हणजे नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायची तपासणी, लावायला सांगा. त्याला काही आठवडे लागतात, पण सर्वांत कमी जंतू तेच पकडतं. शिवाय सिलिकोसिसमध्ये क्षयाच्या जंतूंचे दूरचे भाऊबंदही फुप्फुसात घर करतात. त्यांची औषधं वेगळी असतात, आणि ते नेमके कोणते हे बहुधा कल्चरमधूनच ठरतं.

नमुना कसा द्यायचा हे सहसा कुणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरायची. बाहेर मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभं राहायचं. एक खोल श्वास घ्यायचा, क्षणभर धरायचा, सोडायचा. पुन्हा तसंच. मग तिसऱ्या श्वासाला पोटातून जोर लावून खोकायचं आणि वर येईल ते सरळ डबीत घ्यायचं. डबी उजेडाकडे धरून बघा. पातळ, फेसाळ, पाण्यासारखं दिसलं तर ती लाळ आहे आणि तिच्यावरची तपासणी निगेटिव्ह आली तरी तिला अर्थ नाही. घट्ट, तार सुटणारा, पांढरट किंवा पिवळसर बेडका हवा, चमचाभर तरी. त्यांना धाप लागते, तेव्हा दोन प्रयत्नांमध्ये पाच-दहा मिनिटं बसू द्या. बेडका सुटतच नसेल, तर खारट पाण्याची वाफ देऊन तो काढता येतो. तेही जमलं नाही, तर दुर्बिणीनं फुप्फुसातला नमुना घेता येतो. ‘थुंकी येत नाही’ म्हणून तपासणी सोडून द्यायची नसते.

छातीचा नवा फोटो लागेलच. पण माझी खास विनंती अशी, की चार वर्षांपूर्वीची फिल्म शोधून काढा. रिपोर्टचा कागद पुरेसा नाही, फिल्मच हवी. सिलिकोसिसमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात, डावी-उजवीकडे साधारण सारखे, बारीक गोल ठिपके दिसतात. क्षयालाही वरचाच भाग आवडतो, त्यामुळे एकटा फोटो बघून चांगल्या-चांगल्यांची फसगत होते. दोन फोटो शेजारी-शेजारी उजेडावर लावले, की खरं चित्र दिसायला लागतं. सिलिकोसिस वर्षांच्या गतीनं सरकतो. तिथे एकाच बाजूला नवा, कडा पुसट असलेला ढगासारखा भाग उगवला असेल, पोकळी पडली असेल, फुप्फुसाभोवती पाणी झालं असेल किंवा बदल काही महिन्यांतच झालेला असेल, तर संशय बळावतो. वाढलेल्या सिलिकोसिसच्या मोठ्या गाठीतही कधी क्षयाशिवाय पोकळी पडते, आणि धुळीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. म्हणून फोटोनं फक्त दिशा कळते. पक्कं काय ते बेडक्यातच शोधायचं.

स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल मला खरोखर अस्वस्थ वाटलं. स्टेरॉइड ताप आणि सूज दाबतं, भूक वाढवतं, माणसाला चार दिवस हुशारी येते. आत क्षय असेल, तर तो त्याच काळात मोकाट वाढतो. पण त्या गोळ्या तुम्ही स्वतःहून एकदम बंद करू नका. काही आठवडे घेतलेल्या असतील तर अचानक थांबवल्यानं वेगळाच धोका होतो. गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कधीपासून, किती घेतल्या ते सांगा. मधल्या काळात ‘फ्लॉक्सासिन’ असा शेवट असलेल्या नावाच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या गेल्या असतील, तर तेही सांगा. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाला अर्धवट मारतात आणि निदान लांबवतात.

आणि तिथे पोचल्यावर यजमान १८ वर्षं काय काम करत होते, हे कुणी विचारायची वाट बघू नका, तुम्हीच सांगा. रुग्णाला ‘काम काय करता?’ हा प्रश्न न चुकता विचारावा, असं बर्नार्दिनो रामात्सिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली लिहून ठेवलं. आजही गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो प्रश्न राहून जातो. इथे तर त्याच्यावर उपचाराची मुदत ठरते. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. हाँगकाँगमध्ये सिलिकोसिससह क्षय असलेल्या रुग्णांना दोन गटांत सहा आणि आठ महिने औषधं देऊन पाहिलं गेलं. १९९१ साली त्याचे निकाल आले. सहा महिन्यांच्या गटात २२ टक्के रुग्णांचा क्षय पुढे उलटला, आठ महिन्यांच्या गटात ७ टक्क्यांचा. तेव्हापासून अशा रुग्णांत किमान दोन महिने जास्त उपचार द्यावेत, असं धरलं जातं. क्षय निघाला आणि कुणी सहा महिन्यांनी ‘झालं, बंद करा’ म्हणालं, तर ‘यांना सिलिकोसिस आहे, मुदत वाढवायची का?’ एवढं नक्की विचारा. उपचार संपल्यावरही दोन वर्षं तरी तपासणीला जात राहा.

औषधं सुरू झाली तर पहिल्या काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, वजन चढायला लागतं. धाप मात्र पूर्वीइतकी राहील, आणि ‘एवढ्या गोळ्या खाऊनही दम लागतोच’ म्हणून माणूस नेमका तिथेच औषध सोडतो. त्यांना आधीच सांगून ठेवा, की गोळ्या क्षयाच्या आहेत, जुन्या व्रणांच्या नाहीत. लघवी नारिंगी होईल, ते रिफाम्पिसिनमुळे, त्याला घाबरायचं नाही. पण उलट्या थांबेनात, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. दारू घेत असतील तर ती या काळात पूर्ण बंद, विडी-सिगारेट तर कायमचीच. आणि एकदम छातीत दुखून दम कोंडला किंवा खोकल्यातून भरपूर रक्त पडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता सरळ रुग्णालय.

यजमानांच्या भीतीला मी किरकोळ म्हणणार नाही. आधीच काम गेलं, कमाई गेली, चार पावलं चालल्यावर थांबावं लागतं, त्यात क्षयाचं नाव म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ‘तुम्हाला क्षय झालाय, चला’ असं म्हणू नका. असं म्हणून बघा : ‘धुळीच्या आजाराला औषध नाही असं सगळे म्हणतात. पण आत दुसरं काही असेल, तर त्याला औषध आहे. ते आहे का एवढंच बघून येऊ.’ सिलिकोसिसच्या रुग्णासाठी क्षय सापडणं ही, ऐकायला विचित्र वाटलं तरी, त्या दोन महिन्यांच्या खंगण्याला उपाय सापडणं असतं. लांब बसणाऱ्या लोकांसाठीही उत्तर आहे. योग्य औषधं नियमित सुरू झाली की संसर्ग पसरण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. ताटवाटी वेगळी करायची गरज नाही, हात हातात घेतल्यानं क्षय होत नाही. तो पसरतो हवेतून, आणि सर्वांत जास्त पसरतो तो निदान न झालेल्या माणसाच्या खोकल्यातून. म्हणजे घरच्यांना धोका असलाच, तर तो आत्ताच्या या थांबण्यात आहे.

म्हणून तपासणीचा निकाल लागेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, यजमानांनी खोकताना तोंडावर रुमाल धरावा, घरात मास्क लावावा आणि नातवाला त्यांच्या खोलीत झोपवू नका. नातवाशी तोडायचं नाही, दुपारी अंगणात, मोकळ्या हवेत दोघं बसले तर चालतील. क्षय पक्का झाला, तर घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हायला हवी आणि पाच वर्षांखालच्या मुलाला, आजार नाही याची खात्री करून, प्रतिबंधक औषध देतात. सासूबाईंना खोकला असेल तर त्यांचाही बेडका बघून घ्या. सिलिकोसिस मात्र कुणाकडून कुणाला लागत नाही.

समजा, सगळ्या तपासण्या होऊन क्षय नाही असं ठरलं, तरी घरी येऊन फाइल कपाटात टाकू नका. कित्येकांच्या शरीरात क्षयाचा जंतू सुप्त असतो आणि सिलिकोसिस असलेल्यांत तो जागा होण्याची शक्यता फार. म्हणून अशा रुग्णांची सुप्त संसर्गासाठी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करावी आणि संसर्ग निघाल्यास प्रतिबंधक उपचार द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. हाँगकाँगमध्येच, मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राच्या सहभागानं झालेल्या आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत, सिलिकोसिसच्या ज्या रुग्णांना नुसत्या औषधविरहित गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यातल्या २७ टक्क्यांना पाच वर्षांत क्षय झाला. प्रतिबंधक औषध मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. धोका निम्मा झाला, संपला नाही. आता तीन महिने, आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांचा पर्यायही आहे. एक सावधगिरी सांगतो. चालू क्षय नाही याची पक्की खात्री झाल्याशिवाय प्रतिबंधक गोळ्या सुरू करू नयेत. आत क्षय असताना एका-दोन औषधांचाच मारा झाला, तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात.

एक कागदोपत्री गोष्ट राहिली. सिलिकोसिससह होणारा क्षय हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. डॉक्टरांकडून निदान लिहून घेताना ‘क्षय’ एवढंच न लिहिता सिलिकोसिस, कामाचं स्वरूप आणि कामाची वर्षं त्यात येऊ द्या. हजेरीपत्रक, पगाराची पावती, जुनं ओळखपत्र, जे सापडेल ते जपून ठेवा. भरपाईचा अर्ज करायची वेळ आली, तर ‘हे काम तुम्ही केलंच कशावरून?’ इथेच सगळं अडतं.

आता मोठा मुलगा. तुम्ही त्याचा उल्लेख पत्राच्या शेवटी, एका ओळीत केलात. मला त्याची काळजी यजमानांइतकीच आहे, कारण त्याच्या बाबतीत अजून बरंच हातात आहे. खूप धूळ खाल्लेल्या कामगारांत, सिलिकोसिस फोटोत दिसायच्या आधीही, क्षयाचा धोका वाढलेला आढळलाय. त्याला खोकला असो-नसो, आत्ता एक छातीचा फोटो आणि फुंकून करायची फुप्फुसक्षमतेची चाचणी करून घ्या. पुढे तुलना करायला तीच उपयोगी पडेल. तो कोणता दगड कापतो, ते विचारा. संगमरवरात सिलिका अगदी कमी असतो, ग्रॅनाइटमध्ये बराच, आणि ओट्यांसाठी वापरतात त्या कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत ९० टक्क्यांहून जास्त असू शकतो. या लाद्या कापणारी तरुण मुलं थोड्याच वर्षांत सिलिकोसिसनं आजारी पडलेली पाहून ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून त्यांच्यावर बंदी घातली.

दगड कोरडा कापायचा नाही, पात्यावर सतत पाण्याची धार हवी आणि धूळ उठते तिथेच ती ओढून घेणारा पंखा हवा. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, धुळीसाठीचाच मास्क लागतो आणि दाढी असेल तर तोही कडेनं हवा सोडतो. सुक्या झाडूनं झाडणं आणि हवेच्या पाइपनं अंगावरचे कपडे झटकणं या दोन सवयी बहुतेक कारखान्यांत असतात आणि दोन्ही वाईट आहेत, खाली बसलेली धूळ त्या पुन्हा नाकाच्या उंचीला आणतात. कामाचे कपडे तिथेच बदलता आले तर उत्तम, नाहीतर घरी आणून झटकू नका, थेट पाण्यात बुडवा. हे सगळं एकट्या मुलानं मागितलं तर मालक ऐकेलच असं नाही, सोबतच्या कामगारांनी मिळून मागितलेलं बरं. तिथे काहीच बदलत नसेल आणि दुसरं काम मिळण्यासारखं असेल, तर पगार थोडा कमी असला तरी त्यानं ते घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

यजमानांना दाखवायला न्याल, त्याच दिवशी मुलालाही बरोबर घेऊन जा. फोटो दोघांचेही काढून घ्या.